सरासरीचा हिशेब आणि आपला हक्क

(महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो वरवर पाहता फार कोरडा आहे. महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेच्या तळाशी एक आकडा छापलेला असतो. ६.०० किंवा ७.१०, असा काहीतरी. त्याला सी.जी.पी.ए. म्हणतात. तो आकडा पाहून एखाद्या घरात पेढे वाटले जातात आणि एखाद्या घरात मुलगा दोन दिवस कोणाशी बोलत नाही. परंतु हा आकडा कसा तयार झाला, त्याचा अर्थ काय, आणि त्याच्यावर आपले कोणते हक्क अवलंबून आहेत, असे विचारले तर उत्तर देणारे थोडे निघतात.

ज्या घरांत तीन पिढ्या पदवीधर आहेत, तेथे या गोष्टी काका-मामांच्या बोलण्यातून मुलांच्या कानावर आपोआप पडतात. ज्या घरातील पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढते, तिला त्या कोणी सांगाव्यात? आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले, कारण वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. त्यांची कर्जे केवळ गरिबीमुळे फुगली नाहीत. हिशेब दुसऱ्याच्या हातात होता, म्हणूनही ती फुगली. नातवंडांनी पदवी घ्यावी आणि त्या पदवीच्या हिशेबावर पुन्हा न वाचताच अंगठा उठवावा, असे होता कामा नये. म्हणून हा कोरडा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

हिशेब कसा होतो?

पूर्वी गुणपत्रिका वाचणे सोपे होते. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, आणि तेव्हापासून दीर्घकाळ एकूण गुण, त्यांची टक्केवारी आणि पहिला, दुसरा, तिसरा वर्ग अशी भाषा सर्वांना परिचित होती. त्या पद्धतीतही दोष होते. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्येच सांगितले होते की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवावी लागेल. एका परीक्षकाचे ५९ आणि दुसऱ्याचे ६० यांत वस्तुतः काही अंतर नसते. पण त्या एका गुणाने वर्ग बदलत असे. पुढे श्रेणीपद्धती आली, त्यामागे हाही एक विचार होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा बिंदूंची मोजपट्टी सुचवली. 'ओ' या श्रेणीला १० श्रेणीगुण, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५, केवळ उत्तीर्ण असलेल्या 'पी'ला ४. आणि अनुत्तीर्ण व गैरहजर यांना शून्य. प्रत्येक विषयाला श्रेयांक, म्हणजे ज्याला तुम्ही क्रेडिट म्हणता ते, ठरवून दिलेले असतात. साधारणतः एका सत्रात दर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. श्रेयांक हे विषयाचे वजन होय. ही गोष्ट नीट समजली की पुढचे सारे समजले.

समजा, एका विद्यार्थिनीला एका सत्रात सहा विषय आहेत. पहिले चार विषय प्रत्येकी ४ श्रेयांकांचे आणि शेवटचे दोन प्रत्येकी २ श्रेयांकांचे. एकूण २० श्रेयांक. मोठ्या चार विषयांत तिला ७, ८, ६ आणि ५ श्रेणीगुण मिळाले. छोट्या दोन विषयांत तिने १० आणि ९ मिळवले. सहाही आकड्यांची बेरीज ४५. तिला सहाने भागले की ७.५ येतात. घरी तिने साडेसात सांगितले. गुणपत्रिकेवर मात्र ७.१० छापून आले, आणि आपल्यावर अन्याय झाला असे तिला वाटले.

अन्याय झालेला नाही. प्रत्येक श्रेणीगुणाला त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणावयाचे असते. मोठ्या विषयांचे २८, ३२, २४ व २०. छोट्या विषयांचे २० व १८. बेरीज १४२. तिला एकूण २० श्रेयांकांनी भागले की ७.१० येतात. ही त्या सत्राची सरासरी, म्हणजे एस.जी.पी.ए. छोट्या विषयातील चमक मोठ्या विषयातील उणीव पुरती भरून काढू शकत नाही, हे या हिशेबात उघड दिसते. अभ्यासाचे तास वाटताना श्रेयांकांचा रकाना समोर ठेवावा, तो याकरिता.

आता त्याच विद्यार्थिनीला ज्या ४ श्रेयांकांच्या विषयात ५ श्रेणीगुण मिळाले होते, त्यात ती अनुत्तीर्ण झाली असे धरा. त्या विषयाचे २० गेले, बेरीज १२२ झाली आणि सरासरी ६.१० वर आली. एका विषयाने पूर्ण एक अंक खाल्ला. अनेक ठिकाणी तर तो विषय सुटेपर्यंत सरासरी काढतच नाहीत. पुढच्या परीक्षेत ती केवळ 'पी' श्रेणीत उत्तीर्ण झाली, तरी सरासरी ६.९० होते. 'केटी लागली, आता सगळे संपले' असे म्हणून महाविद्यालय सोडणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडला असता तर त्यांना दिसले असते की, खड्डा खोल असला तरी बुजवता येण्याजोगा होता.

सर्व सत्रांची मिळून जी सरासरी ती सी.जी.पी.ए. तीही श्रेयांकांच्या वजनानेच काढली जाते. प्रत्येक सत्राचे श्रेयांक सारखे असतील तरच सत्रांच्या आकड्यांची साधी सरासरी बरोबर येते, एरवी नाही.

पहिल्या सत्राचे ओझे

आपल्या मुलांच्या बाबतीत या एकत्रित सरासरीचा एक गुणधर्म विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला, खेड्यातून शहरातील वसतिगृहात आलेला मुलगा पहिल्या सत्रात बहुधा अडखळतो. पुस्तके इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत, आणि शंका विचारावी तर संकोच. समजा, त्याला पहिल्या सत्रात ५.०० मिळाले. पुढे त्याने जम बसवला आणि उरलेल्या पाचही सत्रांत प्रत्येकी ७.०० मिळवले. सत्रे सारख्या श्रेयांकांची आहेत. त्याची एकत्रित सरासरी क्रमाने ५.००, ६.००, ६.३३, ६.५०, ६.६० आणि ६.६७ अशी चढते.

दुसऱ्या सत्राने सरासरी पूर्ण एक अंकाने उचलली; सहाव्या सत्राने मात्र जेमतेम सात शतांशांनी. जसजसे श्रेयांक साचत जातात तसतसा आकडा जड होतो आणि हलेनासा होतो. म्हणून 'पहिल्या वर्षाचे काय, पुढे पाहून घेऊ' हा सल्ला आपल्या मुलांना कोणी देऊ नये. त्याचबरोबर पहिले सत्र बिघडले म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही, कारण आकडा सर्वांत लवकर दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रातच सुधारतो.

आणखी एक गोष्ट. ज्याने सहाही सत्रांत सारखे ६.६७ मिळवले तो, आणि जो ५ वरून ७ वर जाऊन तेथे टिकला तो, या दोघांचा तळाचा आकडा एकच येतो. आकड्याला त्यांतील फरक दिसत नाही. माणसाला दिसू शकतो, दाखवला तर. म्हणून प्रवेशासाठी वा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना केवळ शेवटची गुणपत्रिका जोडू नका. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जोडा, आणि जेथे स्वतःविषयी लिहिण्यास जागा असेल तेथे ही चढण दोन ओळींत स्पष्टपणे लिहा.

एक आकडा, तीन अर्थ

आता मी सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो. सी.जी.पी.ए. दहापैकी असतो, परंतु बहुतेक पात्रतेच्या अटी टक्क्यांत लिहिलेल्या असतात. मग ६.०० म्हणजे किती टक्के?

कोणी सरळ दहाने गुणतो आणि ६० टक्के म्हणतो. कोणी साडेनऊने गुणतो आणि ५७ म्हणतो. काही विद्यापीठे आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. त्यांच्या हिशेबाने हेच ६.०० म्हणजे ५२.५ टक्के होतात. विद्यार्थी तोच, अभ्यास तोच, गुणपत्रिका तीच; पण ६०, ५७ आणि ५२.५ हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या दारांपाशी नेतात.

साडेनऊने गुणण्याची रीत कोठून आली तेही सांगतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीला जेव्हा श्रेणीपद्धती ठेवली होती, तेव्हा त्या परीक्षेच्या सरासरीसाठी मंडळाने तो गुणक दिला होता. ती पद्धत २०१७ नंतर मंडळाने बंद केली. दहावीच्या त्या मंडळाचा गुणक तुमच्या विद्यापीठाच्या पदवीला लागू होण्याचे काहीच कारण नाही. तरीही तो तोंडोतोंडी चालत राहिला आहे.

रूपांतराचे नियम निरनिराळे का असतात, हेही समजून घ्या. एखाद्या विद्यापीठात १०० पैकी ६० गुण मिळवणाऱ्याला 'ए' श्रेणी व ८ श्रेणीगुण देतात असे धरा. तेथे दहाने गुणले तर साठाचे ऐंशी होतील, जे उघडच खोटे आहे. दुसऱ्या विद्यापीठात ८ श्रेणीगुणांसाठी याहून पुष्कळ अधिक गुण लागत असतील. श्रेणीची अक्षरे सर्वत्र सारखी दिसतात. त्यांच्यामागील गुणांच्या मर्यादा सारख्या नसतात. शिवाय काही संस्था श्रेणी देताना ठरावीक गुण पाहत नाहीत. वर्गातील इतरांच्या तुलनेत तुम्ही कोठे आहात ते पाहतात. तेथील 'बी' म्हणजे इतके गुण असे नसून, वर्गात इतके स्थान असे असते. हे न जाणता दोन संस्थांतील दोघांचे आकडे शेजारी ठेवून एकाला हुशार आणि दुसऱ्याला मठ्ठ ठरवणे म्हणजे शेर आणि मैल यांची तुलना करण्यासारखे आहे.

म्हणून नियम एकच. रूपांतर स्वतः करू नका, मित्राच्या सांगण्यावरूनही करू नका. तुमच्या विद्यापीठाचे सूत्र बहुधा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस किंवा परीक्षाविषयक परिपत्रकात दिलेले असते. ते पाहा, आणि विद्यापीठाकडून रूपांतराचे अधिकृत प्रमाणपत्र घेऊन ठेवा. अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ते मिळत नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना करतो. अमेरिकेतील सरासरी साधारणतः चारपैकी असते: 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २. आपल्याकडील मुले आपला आकडा अडीचने भागून मोकळी होतात. त्या हिशेबाने ७.१० चे २.८४ होतात. तेथील अनेक विभाग पदव्युत्तर प्रवेशासाठी किमान ३.० मागतात, म्हणून मुलगा अर्जच करीत नाही. परंतु असा भागाकार करण्यास त्याला कोणी सांगितले? परदेशी गुणपत्रिका पारखण्याची तेथील रीत निराळी आहे. विद्यापीठाने मागितल्याशिवाय आकडा बदलू नये. आहे तो, दहापैकी असे स्पष्ट लिहून द्यावा. परीक्षकाने नाकारण्यापूर्वी आपणच आपल्याला नाकारू नये.

हक्क कोठे अडकतो?

या साऱ्या हिशेबाचा आपल्या हक्कांशी काय संबंध, तो आता पाहा. महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठी जी नेट परीक्षा असते, तिला बसण्यास पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, क्रीमी लेयरमध्ये न येणारे इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवार यांना ५० टक्के. आणि त्यात स्पष्ट लिहिलेले असते की, अपूर्णांक वर ओढून पूर्ण केला जाणार नाही. ४९.९९ म्हणजे ५० नव्हेत. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल तर ७५ टक्के लागतात; दोन्ही ठिकाणी आपल्याला पाच टक्क्यांची शिथिलता आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के लागतात.

आता मघाच्या ६.०० कडे परत पाहा. विद्यापीठाच्या सूत्राने ५२.५ टक्के होणारा आपला मुलगा स्वतःला ५५ च्या खाली समजून नेटचा अर्ज भरत नाही; वस्तुतः तो पात्र असतो. दुसरा मुलगा दहाने गुणून स्वतःला ६० टक्क्यांचा समजतो, अर्ज करतो आणि कागदपत्रांच्या छाननीत बाद होतो. पहिल्याचा हक्क अज्ञानाने गेला, दुसऱ्याचे वर्ष अज्ञानाने गेले.

शिथिलतेविषयी आपल्यातील काही मुलांना संकोच वाटतो. वर्गात कोणी टोमणा मारला की ती म्हणतात, मी खुल्या वर्गातूनच अर्ज करीन. ज्याला तसे करावयाचे असेल त्याने खुशाल करावे. पण संकोचापोटी करू नये. शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्याला देणारे पंधराव्या अनुच्छेदाचे चौथे कलम १९५१ साली संविधानात आले. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रात हा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्यासाठी दीर्घकाळ मागणी करावी लागली. जे इतक्या उशिरा आणि इतक्या प्रयासाने मिळाले, ते कोणाच्या टोमण्यामुळे टाकून देणे हा स्वाभिमान नव्हे. आणि हेही लक्षात असू द्या की, ही शिथिलता परीक्षेला बसण्यासाठी आहे. परीक्षेतील उत्तरे आपल्यालाच लिहावी लागतात.

हिशेब तपासून घ्या

वही वाचता आली की ती तपासताही येते. गुणपत्रिका हाती आली की त्याच दिवशी कागद-पेन्सिल घेऊन श्रेयांक आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार स्वतः करून पाहा. छापील आकडा जुळला नाही तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगणे हे सांगणे नव्हे.

गुणांविषयीच शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात निर्णय दिला की, तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत मिळवण्याचा हक्क परीक्षार्थ्याला माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आहे. त्या कायद्याने उत्तराची मुदत साधारणतः तीस दिवसांची आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क पडत नाही. परंतु या निर्णयाने उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळतो, ती पुन्हा तपासून घेण्याचा मिळत नाही. पुनर्मूल्यांकन विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे आणि विद्यापीठाच्याच मुदतीत होते, आणि ती मुदत तीस दिवसांपेक्षा पुष्कळदा कमी असते. म्हणून आधी विद्यापीठाची मुदत पाळावी.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हिशेब ठेवण्याची गरज वाढली आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक अशी चौकट आयोगाने २०२२ मध्ये घालून दिली. त्याआधी २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी निर्माण झाली. तीत विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक जमा होतात. घरच्या अडचणीमुळे ज्याला मध्येच शिक्षण सोडावे लागते त्याला पुढे परत येता यावे, हा तिचा एक हेतू. आपल्या मुलांना याचा उपयोग होण्याजोगा आहे. मात्र आपल्या खात्यात सारे श्रेयांक जमा झाले आहेत की नाहीत, हे प्रत्येक सत्रानंतर ज्याचे त्याने पाहावे. शिक्षण सोडताना तर अवश्य पाहावे, कारण परत येताना तेच भांडवल असते.

आकड्याची किंमत

शेवटी एक प्रश्न उरतो. या आकड्याला किंमत किती द्यावी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढली तर ३७.६. पुढे १९१५ साली ते कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले, १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि १९२७ साली कोलंबियाची पीएच.डी. त्यांच्या नावावर लागली. शाळेत ज्या मुलाला इतरांपासून दूर बसवले जाई, ज्याला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नसे, त्याचे ते २८२ गुण होते. गुणपत्रिकेला यातील काहीच ठाऊक नव्हते. तिने एवढेच नोंदवले की, त्या वर्षी, त्या प्रश्नांना, त्या मुलाने इतकी उत्तरे दिली.

या उदाहरणावरून गुण कमी असले तरी चालतात असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. २८२ आणि डी.एस्सी. यांच्यामध्ये ग्रंथालयात काढलेली वर्षे आहेत. अर्थ इतकाच की, गुणपत्रिका झालेल्या कामाची नोंद ठेवते. पुढे कोण काय करील हे ती सांगत नाही. जो तिला काहीच मानत नाही तो दारात अडतो, आणि जो तिलाच सर्वस्व मानतो तो दारापर्यंत जातच नाही.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे की, निकालाच्या दिवशी 'किती मिळाले?' एवढेच विचारू नका. गुणपत्रिका समोर ठेवा आणि 'हे कसे झाले ते मला समजावून सांग' असे म्हणा. तुम्ही स्वतः शाळा पाहिली नसली तरी म्हणा. जो मुलगा आपल्या निरक्षर आईला हा हिशेब समजावून सांगू शकेल, त्याला कोणत्याही कचेरीच्या खिडकीपाशी कोणी फसवू शकणार नाही. आणि पदवीधर झालेल्यांनी आपल्या वस्तीतील निदान एका मुलाची गुणपत्रिका दर सत्राला वाचून द्यावी. त्याला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.